पदवी आहे, पद कुठे?

रोग बरा करणारा डॉक्टर समाजाला दिसतो; रोग होऊच नये म्हणून झटणारा दिसत नाही. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेणारे डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका यांची कुचंबणा इथेच सुरू होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पद वा एखाद्या संस्थेतील मुदतीचा प्रकल्प, एवढीच वाट अनेकांपुढे उरते. तामिळनाडूत मात्र या कामासाठी स्वतंत्र संचालनालय व अधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्ग आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांना असा संवर्ग सुचविला. २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वेही दिली. गोव्यापाशी १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे. तो राबवायचा तर बढतीची शाश्वती असलेली कायम पदे हवीत. साथ आल्यावर माणसे शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय, असे आम्ही सरकारला बजावू इच्छितो.