फिल्टरला लागली घरघर!

रविवारची रात्र. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. सोमवारी सकाळी साडेनऊला मीटिंग, आणि हॉलमधून आवाज येतोय... घर्रर्र... खडखड... घर्रर्र! आधी वाटलं फ्रीज असेल. मग वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी मिक्सर लावला असेल (रात्री दोनला? आमच्या बिल्डिंगमध्ये काहीही होऊ शकतं!). शेवटी उठून बघितलं, तर आवाज फिश टँकच्या खालच्या कपाटातून येत होता.

टँक माझा नाही. माझी फ्लॅटमेट तीन महिन्यांसाठी ऑनसाइट गेली, तेव्हा जाताना तिने दोन गोष्टी माझ्यावर सोपवल्या. स्कूटीची किल्ली आणि हा तीन फुटी टँक. त्यात चार एंजल आणि आठ टेट्रा. ‘‘काही नाही गं, रोज चिमूटभर खाणं टाकायचं आणि महिन्यातून एकदा फिल्टर साफ करायचा. सोप्पंय!’’ सोप्पंय म्हणणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवू नये, हे खरं तर मला एव्हाना कळायला हवं होतं.

त्या रविवारी दुपारी मी मोठ्या उत्साहात फिल्टर साफ केला होता. रात्री त्याला घरघर लागली. मग मी काय केलं? कुठलाही झोपाळू माणूस करेल तेच. प्लग काढला आणि झोपले.

सकाळी ऑफिसला पळता पळता प्लग परत लावला. नळीतून आधी गढूळ, कुबट वासाचं पाणी आलं आणि मागोमाग तीच खडखड. संध्याकाळी घरी आले, तर मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. मंगळवारी सकाळी चारचे तीन एंजल झाले होते. तो फिल्टरमुळेच गेला, असं छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण मनातून मला माहीत होतं ना!

लंच ब्रेकमध्ये ॲक्वेरियमच्या दुकानवाल्या काकांना फोन लावला. सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, तुमच्या फिल्टरने एअर धरलीय.’’

एअर धरली! अहो, हे तर ओळखीचं निघालं. सोसायटीच्या पंपाने एअर धरली की वॉचमनकाका काय म्हणतात? मोटर फिरते, पाणी चढत नाही. इथेही सेम टू सेम. कॅनिस्टर फिल्टर म्हणजे टँकच्या खाली ठेवलेला बंद डबा. एका नळीतून टँकचं पाणी आपल्या वजनाने खाली डब्यात उतरतं, स्पंज आणि सिरॅमिक रिंग्जमधून गाळलं जातं आणि झाकणातला पंप ते दुसऱ्या नळीतून वर ढकलतो. पंपात एक छोटा पंखा असतो, त्याला इम्पेलर म्हणतात. तो पाण्यात फिरायला बनवलेला. त्याच्याभोवती हवा अडकली की तो नुसता गरगरतो, पाणी काही ढकलत नाही. म्हणून ती खडखड, आणि म्हणून नळीतून येणारी बारीकशी धार.

‘‘मग रात्रभर बंद ठेवला तर बिघडलं कुठे?’’ माझा निरागस प्रश्न. काकांनी जे समजावलं, ते ऐकून मला बारकं व्हायला झालं. त्या स्पंजमध्ये आणि रिंग्जमध्ये कोट्यवधी चांगले बॅक्टेरिया राहतात. माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. त्यांना वाहत्या पाण्यातून ऑक्सिजन लागतो. डबा तासन् तास बंद राहिला की ते मरू लागतात, आतलं पाणी सडतं आणि प्लग लावला की ती सगळी घाण थेट टँकमध्ये! म्हणजे मी माशांना सकाळी सकाळी काय पाजलं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

तर मंडळी, तुमच्याही टँकला घरघर लागली, तर नीट लक्ष द्या.

सगळ्यात आधी प्लग काढा. पाण्यात हात घालण्याआधी तर काढाच काढा. फिल्टर चार-पाच तासांहून जास्त बंद असेल, तर तसाच चालू करू नका. डबा उघडा, आतलं पाणी फेकून द्या, स्पंज आणि रिंग्ज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात खळबळा. नळाखाली धुवायचं नाही, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेल्या बॅक्टेरियाचा निकाल लावतं. (मी रविवारी काय केलं होतं? ओळखा पाहू!)

मग स्पंज पाण्याखाली दाबून त्यातली हवा पिळून काढा, डबा टँकच्याच पाण्याने भरा आणि झाकण लावा. आता आधी आत येणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह उघडा, बाहेर जाणारी नळीही मोकळी ठेवा. पाणी खाली उतरताना आतल्या हवेला वर पळवून लावतं. गुडगुड थांबेपर्यंत थांबा, मगच प्लग लावा. तरी खडखड आहेच? दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच-सहा वेळा करा. बंद असताना डबा हलकेच इकडेतिकडे कलता करून थोपटा. बाळाला ढेकर काढतो ना, अगदी तस्संच! बंद केल्यावर हवा वर गोळा होते, चालू केल्यावर पाण्याबरोबर बाहेर पडते. साफसफाईनंतर दिवसभर अधूनमधून एखादी ढेकर आली, तरी टेन्शन घेऊ नका.

मी हे सगळं केलं. शांतता! मी चहा टाकला, दोन घोट घेतले आणि... घर्रर्र.

परत काकांना फोन. ‘‘मग हवा आतली नाही, बाहेरून येतेय,’’ काका म्हणाले. ‘‘आधी एअरस्टोन बघा.’’ बुडबुडे सोडणारा दगड पाणी ओढणाऱ्या जाळीजवळ असला, तर फिल्टर तेच बुडबुडे गिळत बसतो. आमचा दुसऱ्या कोपऱ्यात होता. पाण्याची पातळी खाली जाऊन जाळी उघडी पडलीय का? नाही. स्पंज तुंबलाय? आत्ताच तर धुतला. नळीला कपाटात कुठे उंच वळसा पडलाय का, जिथे हवा अडकून बसेल? नाही.

‘‘डब्याखाली पाणी ठिबकतंय?’’ नाही, कोरडं ठणठणीत. ‘‘मग ओ-रिंग ठीक असणार. सांधा टँकच्या पाण्यापेक्षा वरचा बघा.’’

हे लॉजिक मला भारी आवडलं. खाली कपाटात डब्यावर वरच्या पाण्याचा दाब असतो. तिथे गळती असेल, तर सहसा पाणी बाहेर येतं. पण काचेवरून वळणारी पाणी ओढणारी नळी पाण्याच्या पातळीपेक्षा वर असते. तिथे आत ओढ असते. तिथला सांधा सैल असेल, तर पाण्याचा थेंबही पडत नाही, गुपचूप हवा आत शिरते. म्हणजे खालचा सांधा ठिबकतो, वरचा सांधा हवा खातो.

वरच्या वळणावर बोट फिरवलं, तर नळी पुरती बसलेलीच नव्हती. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बाहेर! फिल्टर बंद केला, नळी घट्ट बसवली, क्लॅम्प आवळला आणि परत एकदा ढेकर काढली. त्या रात्री मी हॉलमध्येच सोफ्यावर झोपले. दोनला जाग आली. घरात फक्त पंख्याचा आवाज. अर्धमेल्या बॅक्टेरियांना सावरायला वेळ लागतो, म्हणून पुढचा आठवडाभर खाणं निम्मं आणि दिवसाआड थोडं थोडं पाणी बदललं. टँकमध्ये घालायचं पाणी आधी क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे थेंब टाकून, मगच!

राहता राहिला एक फोन. फ्लॅटमेटला सांगायचं कसं? दुकानातून तसाच दिसणारा एंजल आणून टाकायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू! पण बुधवारी रात्री व्हिडिओ कॉल केला आणि सगळं सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘तो वरचा सांधा ना? तो कायमच सैल होतो. तुला सांगायचं राहूनच गेलं गं.’’

मग आम्ही दोघी गप्प.

आता टँकच्या कपाटाच्या दारावर आतून एक चिठ्ठी चिकटवलीय. ‘वरचा सांधा दाबून बघ.’ खाली दोघींची नावं. कुणाच्या हाती काही सोपवताना ‘सोप्पंय’ म्हणण्यापेक्षा, कुठे सैल आहे ते सांगून जावं. माशांचं सोडा, ऑफिसमध्ये हँडओव्हर देतानासुद्धा!

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर तुमचा टँक शांत, तुमची झोप शाबूत!