एका बैलाचे औत



आमचा एक जुना कार्यकर्ता गेल्या खरिपापासून जिल्हा बैठकीला दिसेनासा झाला. रस्ता रोको असो की कापूस परिषद, छातीवर बिल्ला लावून सर्वांत पुढे उभा राहणारा हा गडी. आमच्यात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, थंडावला. कोणी म्हणाले, पुढाऱ्यांच्या नादी लागला. शेवटी आम्ही दोघे-तिघे त्याच्या घरी जाऊन धडकलो. दिवेलागण झाली होती. गडी चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. धाकटी पोर त्याच्या पाठीला टेकून पाढे म्हणत होती आणि थोरली कांदा चिरत होती.

त्याची बायको दीड वर्षापूर्वी साप चावून गेली. तेरवीला आम्ही सगळे हजर होतो. जेवलो, दोन शब्द बोललो आणि जीपगाडीत बसून निघून आलो. त्यानंतर त्या घरात चूल कोण पेटवतो, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेले, म्हणून तो आम्हाला थट्टेने साहेब म्हणतो. म्हणाला, "साहेब, सभा तुम्ही आठ वाजता लावता. आठ वाजता पोरीइले जेवाले द्या लागते. अन् रातच्याले त्याइले घरी एकट्या टाकून मी तालुक्याले कसा येऊ?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. एवढेच, की त्या दिवसापासून आम्ही त्याला थंडावलेला म्हणत नाही.

भावांनो, कोरडवाहू शेती हे दोन माणसांचे औत आहे. एक वावरात आणि एक घरात, किंवा दोघे वावरात आणि घर दोघांच्या मधल्या वेळात. त्यातला एक बैल बसला तर दुसऱ्याच्या मानेवर सबंध जू येते. कृषी विद्यापीठात असताना कपाशीच्या एका हेक्टरला डवरणीला, निंदणाला, वेचणीला किती मजूर लागतात याचे तक्ते आम्ही पाठ केले. त्यांत भाकरीचा रकाना नव्हता. पुढे आंदोलनात आलो. उत्पादन खर्च कसा खोटा काढतात हे गावोगाव फळ्यावर मांडून दाखवले. सरकारच्या हिशोबात घरच्या माणसाची वावरातली मजुरी नावापुरती तरी धरतात. पाणी भरणे, लेकरू आंघोळ घालून शाळेत धाडणे, तापाने फणफणलेल्याला रात्रभर मांडीवर घेऊन बसणे, हे सरकारने धरले नाही आणि आम्हीही धरले नाही. दोन माणसे असली की ही कामे दिसत नाहीत, म्हणून आम्हा सर्वांनाच ती फुकटची वाटली.

तरीही या गड्याचे एक बरे आहे. सातबारा त्याच्या नावावर आहे. सोसायटीत तो सभासद आहे. बँकेत गेला की साहेब त्याला बस म्हणतो. आणि खरे सांगायचे तर आपल्या समाजात बाप्या फार दिवस एकटा राहत नाही. वर्षाच्या आत आई, मावशी, बहीण कोणीतरी पोरगी बघायला निघते. हा गडी नको म्हणाला, ती त्याची गोष्ट. बाई एकटी पडली तर काय होते, ते आता बघू.

आमच्याच भागातल्या एका गावी चार एकर वावर कसणारी एक बाई आहे. दोन लेकरे, एक तिसरीत, एक अंगणवाडीत. आम्ही तिला शहाणपण शिकवायला गेलो होतो. म्हटले, वहिनी, सगळे वावर कपाशीखाली घालू नका. बियाणे, खत, फवारणी सगळे रोखीचे, पाऊस दगा देईल तर हातात काही राहणार नाही. एकर-दीड एकर ज्वारी घाला. खायला दाणा होईल, बैलांना कडबा होईल. सल्ला शास्त्राला धरून होता. आम्ही तो शेकडो सभांमधून दिलेला आहे.

तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "भाऊ, जवारी पेरा म्हणता, पन जागलीले कोन जाईन? कणसं भरले की दिवसा पाखरं अन् रातच्याले डुकरं. लेकरं घरी टाकून मी रातभर माळ्यावर राहू काय?"

ज्वारी कमी का झाली याची कारणे आम्ही भाषणांतून देत आलो: भाव नाही, रेशनवर गहू-तांदूळ आला, मजूर मिळत नाही. सगळी खरी आहेत. पण एकट्या बाईच्या वावरात ज्वारी न होण्याचे कारण रात्र हे आहे, ते आम्हाला तिने शिकवले. कपाशीला डुक्कर तेवढा त्रास देत नाही, म्हणून ती कपाशी लावते. आणि कपाशी लावली की दुसरी अडचण उभी. फवारणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ती म्हणते, मला काही झाले तर लेकरांना दुसरे कोणी नाही, मी पंप पाठीवर घेणार नाही. म्हणजे फवारायला गडी लावणे आले. गड्याची मजुरी रोख, आणि गडी त्याच्या सवडीने येणार. किडीला सवड नसते. वेचणीला दिवाळीच्या सुट्ट्या लागतात तेव्हा तिसरीतला पोरगा ओटी बांधून तिच्यासोबत असतो. सुट्टी संपते, वेचणी संपत नाही. मग शाळेतून निरोप येतो.

तिला आम्ही आता वेगळे सांगतो. ज्वारी लावायचीच तर घराजवळच्या धुऱ्याला, शेजाऱ्याची ज्वारी असेल त्याला लागून लावा, म्हणजे एकाच्या जागलीत दोघांचे राखले जाईल. नाही तर कपाशीत तुरीच्या ओळी वाढवा. खर्च कमी, आणि तुरीची काढणी कपाशीच्या ऐन वेचणीवर येत नाही. एवढेच आमच्या शेतकीच्या पदवीत बसते. बाकीचे शेतकीबाहेरचे आहे.

बाकीचे म्हणजे कागद. ती कसते ते चार एकर सासऱ्याच्या नावावर आहे. नवरा गेला त्याला पाच वर्षे झाली. सोसायटीचे कर्ज तिला नाही. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० तिला नाहीत आणि राज्याचे वरचे ६,००० देखील नाहीत. पीकविमा सासऱ्याच्या खात्यात. आता कापसाच्या भावाचे बघा. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. सीसीआयच्या केंद्रावर कापूस घालायचा तर सातबारा लागतो, त्यावर कापसाची पीक पाहणी लागते आणि त्याच नावाचे बँक खाते लागते. पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला जातात, वेचणाऱ्या हाताला नाही. म्हणून ती दारावर आलेल्या खेडा खरेदीवाल्याला कापूस घालते, तो म्हणेल त्या भावाने.

आम्ही पंचवीस-तीस वर्षे सांगत आलो, की भाव मिळाला की घरातले सगळे प्रश्न सुटतील. अजूनही आमचे तेच म्हणणे आहे. पण या बाईसमोर ते वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही. तो भाव तिच्या दारापर्यंत येतच नाही.

ही एकटीची कथा नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायकांना, त्या स्वतः कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. आणि आत्महत्येच्या घराकडे निदान तलाठी-तहसीलदार एकदा तरी फिरकतात. ज्यांचा नवरा दारूने गेला, काविळीने गेला, अपघातात गेला, की सोडून पुण्याला निघून गेला, त्यांच्याकडे कोण फिरकते?

कायदा बाईच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला मुलामुलींच्या आणि सासूच्या बरोबरीने हिस्सा आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा हिस्सा सासरा हयात असतानाही तिच्याकडे आणि लेकरांकडे येतो. कलम ८५ खाली तहसीलदारांपुढे वाटप करून घेता येते. सासऱ्याची स्वकष्टार्जित असेल तर तो हयात असेपर्यंत थांबावे लागते, पण मृत्युपत्र न करता तो गेला तर सून आणि नातवंडे वारस आहेतच. बाईने दुसरे लग्न केले तरी पहिल्या नवऱ्याकडून तिला मिळालेली जमीन जात नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण गावोगाव उलटेच सांगितले जाते. वारसाची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. लेकरे अज्ञान असतील तर त्यांच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून आईचे नाव लागते, चुलत्याचे नाही. अज्ञान मुलाचा हिस्सा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणाला विकता किंवा सोडता येत नाही. आणि हक्कसोडपत्र नोंदणी कचेरीत नोंदलेले असावे लागते. "इथे अंगठा दे, लेकरांचं आम्ही बघतो" म्हणून साध्या स्टँपवर घेतलेल्या अंगठ्याने हक्क जात नाही. पण बाईला ते माहीत नसते, आणि माहीत असून तिला सांगत नाहीत ते कोण?

इथे आम्हाला आमच्याच माणसांविषयी बोलावे लागते. त्या चार एकरांच्या फेरफाराला आडवा येतो तो सावकार नाही, सरकार नाही, गॅट करार नाही. आडवा येतो तो तिचा दीर. तो आपल्या बैठकीला येतो. वर्गणी भरतो. कर्जमुक्तीच्या मोर्चात त्याच्यासोबत आम्ही लाठ्या खाल्ल्या आहेत. त्याला विचारले तर म्हणतो, "वहिनी काय परकी हाये काय? तिले कमी पडू देतो काय मी?" आम्ही म्हणतो, बरोबर आहे दादा. हेच वाक्य सरकार आपल्याला म्हणते, भाव मागू नका, आम्ही अनुदान देतो. तेव्हा आपण काय उत्तर देतो?

चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की नवऱ्याने हयातीतच बायकोच्या नावे जमीन करावी. अनेक गावांत ती झाली. १९९२ साली शासनानेही त्याच नावाची योजना काढली, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव सहधारक म्हणून चढते. ते करताना आपल्या मनात जिवंत जोडपे होते. जोडप्यातला एक गेल्यावर काय, हा अर्धा भाग राहून गेला. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद करण्याचा ठराव केला. शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे कळवले. चांगले झाले. पण कुंकू राहिले आणि सातबारा गेला, तर लेकरांची फी कुंकवाने भरता येत नाही. पेरणीची पहिली मूठ तिला धरू द्या, हे आम्ही म्हणतोच. ती मूठ कोणाच्या वावरात पडते, तेही म्हणतो.

सरकारी मदतीचेही थोडे, कारण ती बहुतेकींना ठाऊकच नसते. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० रुपये २०२३ पासून झाले आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकवेळचे २०,००० मिळतात. शेतकरी अपघाताने गेला तर २ लाख, त्यात सर्पदंशही येतो. आणि आई किंवा बाप एकटा राहिलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, दर लेकरामागे महिना २,२५० रुपये. ती बापालाही लागू आहे. आमच्या भाकरी थापणाऱ्या गड्याला दीड वर्षात हे कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही, आणि म्हणवतो आम्ही कार्यकर्ते. आंदोलनवाल्याला भिकेचे वावडे असते, आम्हालाही आहे. पण लेकराच्या वह्यांचे पैसे ही भीक नव्हे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवणार आहोत. पहिली, बैठक यापुढे सकाळी अकराला, शाळा भरल्यानंतर सुरू होईल आणि चारच्या आत संपेल, म्हणजे एकट्या आईला आणि एकट्या बापालाही येता येईल. ज्यांना लेकरे सोबत आणायची त्यांनी आणावीत, जागा ठेवू. दुसरी, ज्याच्या घरात भावाची विधवा हिश्श्यावाचून राबते आहे, त्याने फेरफार मंजूर झाल्याशिवाय जिल्ह्याचे कोणतेही पद घेऊ नये. यावर वाद होईल. दोन चांगली माणसे दुखावतील, एखादे निघूनही जाईल. आमच्यातही एकमत नाही. काहींचे म्हणणे आहे, की घरची भांडणे संघटनेत आणली तर कापूस बाजूला राहील. त्यांनी बैठकीत उभे राहून बोलावे, आम्ही ऐकू.

त्या चार एकरांच्या दिराशी आमची तिसरी बोलणी पोळ्यानंतर आहे. सासरा राजी आहे, सासू रडते. जमीन वडिलोपार्जित आहे, त्यामुळे वाटपाचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे.

बैठकीला येणाऱ्या ज्या बायांची वारस नोंद राहिली आहे, त्यांनी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, जुना सातबारा आणि आठ-अ, लेकरांचे जन्माचे किंवा शाळेचे दाखले आणि आधार सोबत आणावे. अर्ज आम्ही तिथेच भरून देऊ.