'बाईनेच माघार घेतली' म्हणजे काय?

"शेवटी बाईनेच माघार घेतली!" हे वाक्य पोलीस ठाण्यात ऐकू येते, कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकू येते. आता ते आपल्या बैठकांतही येऊ लागले आहे. केंद्राच्या नोंदवहीत 'अर्जदार पुन्हा आली नाही, प्रकरण बंद' असा शेरा लिहिताना आपला हात अडखळत नाही. माझा आक्षेप या शेऱ्यालाच आहे.

मनासारखे झाले नाही की सोडून देणे हा बाईचा स्वभावच, असे मानणे सोयीचे असते. मग कुणाला जाब द्यावा लागत नाही.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहीही केले तरी ते थांबत नसत. पुढे सुटकेसाठी बुटका अडथळा ओलांडणे पुरेसे होते, तरी त्यातले बरेच कुत्रे पडून राहिले. याला 'शिकलेली असहायता' म्हटले गेले. पण २०१६ मध्ये याच दोघांनी सिद्धान्त दुरुस्त केला : दीर्घ त्रासात निपचित होणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावे लागते ते हे, की आपल्या हातात काही आहे.

बाईने हे शिकायचे कुठे? कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याचे कलम १२ सांगते, पहिली सुनावणी साधारणतः ३ दिवसांत, आणि तेथून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. दर तारखेला मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, नवरा फिरकतही नाही. मग ती घरी बसली, तर तिने धीर सोडला की अनुभवाचा हिशेब मांडला?

आणि आपण? 'खंबीर राहा' म्हणतो. त्या प्रयोगांतले कुत्रेही चुचकारून उठले नाहीत. त्यांना पट्ट्याला धरून वारंवार पलीकडे न्यावे लागले, तेव्हा कुठे ते आपणहून उडी मारू लागले. बाईला ओढायचे नाही. तिच्याबरोबर चालायचे आहे. पहिल्याच आठवड्यात तिच्या हाती काही पडले पाहिजे : तक्रारीची शिक्क्याची प्रत, मुलांचे दाखले, तिची भांडी.

मैत्रिणींनो, तो शेरा खोडू या. त्याऐवजी लिहू या, 'प्रकरण थांबले. कुणी थांबवले?' उत्तरात ठाणे येईल, कोर्ट येईल. कधी आपलेही नाव येईल. तेही लिहू या.