गाव सुटलं, गावाचा कागद सुटेना



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला गेले होते. सोबत साठीला टेकलेल्या एक आत्याबाई. 1972च्या दुष्काळात त्यांचं दलित, भूमिहीन कुटुंब इथून उठलं आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला गेलं. वडील बांधकामावर लागले, आई चार घरची धुणीभांडी करू लागली. पुढे 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि परतायचा विचार वडिलांनी सोडून दिला.

खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत फटकारलं होतं. गाव सोडणं हा पराभव नव्हे, हे आपल्या लोकांना तेव्हापासून माहीत आहे. अमेरिकेतही 1910 नंतरच्या साठ वर्षांत सुमारे 60 लाख काळी माणसं दक्षिणेतली खेडी सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. पुरुषांना कारखान्यात काम मिळालं. बायकांपैकी पुष्कळजणी गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातच राहिल्या, फक्त मालकीण बदलली. आत्याबाईंच्या आईचं आयुष्य याहून वेगळं नव्हतं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 साल उजाडलं. तोवर ती माउली थकून गेली होती.

पण आज लिहायचं आहे ते कागदाबद्दल. आत्याबाईंच्या भावाच्या नातीला नर्सिंगला प्रवेश हवा आहे. त्यासाठी जातीचा दाखला, मग जातपडताळणी. अनुसूचित जातींसाठी पुरावा मागतात तो 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा: जात आणि गाव, दोन्हींचा. म्हणजे ज्या गावातून जीव घेऊन बाहेर पडायचं, त्याच गावाच्या दारात पन्नास वर्षांनी पुन्हा हात जोडून उभं राहायचं. आणि त्या काळी हा मुलूख निजामाचा. जुनी दप्तरं उर्दूत किंवा मोडीत, तीही वाळवीतून वाचली असली तर. ज्यांना शाळेच्या पायरीवरही बसू दिलं नाही, त्यांच्याकडे शाळेच्या रजिस्टरचा उतारा मागायचा, हा विनोद कुणाला सुचला असेल?

एका कार्यालयात आम्हाला तीनदा परत पाठवलं. चौथ्या खेपेला वंशावळ लिहून आणा म्हणाले. आत्याबाईंनी पायरीवर बसून पाच पिढ्या सांगितल्या, कोण कुणाचा, कुठे दिला, कुठे गेला. मी लिहीत होते. कारकुनाने कागद पाहिला आणि मुलींची नावं खोडली. वंश बापाकडून चालतो, म्हणे.

"ताई, समदं म्याच सांगितलं, अन् म्याच नाही व्हय यात?" आत्याबाई म्हणाल्या.

मला उत्तर सुचलं नाही. समाजकार्याच्या पदवीत याचा धडा नव्हता.

आपल्या गटांनाही मला इथे विचारायचं आहे. अत्याचाराची केस झाली की आपण धावतो, मोर्चा काढतो. ते कुटुंब शहरात निघून गेलं की आपल्या वहीतून त्याचं नाव जातं, साक्षीला बाई आली नाही म्हणून वर आपणच हळहळतो. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015च्या दुरुस्तीने कलम 15अ आलं. पीडितेच्या आणि साक्षीदाराच्या प्रवासखर्चाची, निर्वाहखर्चाची, वेळ पडली तर दुसरीकडे पुनर्वसनाची तरतूद त्यात आहे. हे खर्च मागण्याचा अर्ज आपल्यापैकी किती जणींनी लिहिला आहे? मी स्वतः आजवर दोनच लिहिले.

भावाच्या नातीचं काम अजून लटकलं आहे. आत्याबाईंना आता आठवतं आहे की चुलत आजोबा थोडे दिवस शाळेत बसले होते, बाहेर, कडुलिंबाखाली. हजेरीत नाव घेतलं होतं की नाही, ठाऊक नाही. प्रवेशाला अठरा दिवस उरलेत. सोमवारी पुन्हा गोरेगावला निघतो आहोत. उर्दू वाचणारी कुणी मैत्रीण सोबत येणार असेल तर शनिवारपर्यंत कळवा.