आजीची सुकडी वहीत उतरवा

माझी आजी वर्ध्यातल्या आर्वी तालुक्यातली. १९७२च्या दुष्काळाचं नाव काढलं की ती आधी तळहात दाखवायची. दुष्काळी कामावर गिट्टी फोडून पडलेले घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. 'मिलोची भाकर तव्यावर जायच्या आधीच फाटे, बाप्पा,' ती सांगायची. रेशनवरची ती लाल, परदेशी ज्वारी. पोट भरे, जीव मात्र धाये ना. कामावर मिळालेली सुकडी, तो कोरडा पौष्टिक खाऊ, ती स्वतः खात नसे; पदरात बांधून पोरांसाठी घरी आणायची.

बहात्तरच्या अनुभवानंतर, १९७७ साली, रोजगार हमीचा कायदा झाला. त्याची नोंद आहे. पदरातल्या सुकडीची कुठंच नाही, आणि ही खंत मला जाळते.

अशा आठवणींची नोंद होऊ शकते. आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं, रोगराईनं गेली. पुढे १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून त्या उपासमारीच्या आठवणीही वह्यांत उतरवल्या. त्या वह्या आजही जपल्या आहेत.

वर्ध्यातल्या गुरुजनांनो, बहात्तरात गिट्टी फोडलेली माणसं आता सत्तरीपार गेली आहेत. या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना एवढाच गृहपाठ द्या: घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि बहात्तरच्या आठवणी वहीत उतरवा.