गोळी कोण लिहिणार यावर संप झाला. नैराश्य कोण ओळखणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातील अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने करावी की नाही, हा वाद होता. दोन्ही बाजूंनी रुग्णाच्या सुरक्षिततेचा दाखला दिला. पण ज्या आजाराचे नाव रुग्ण स्वतःहून घेतच नाही, तो दवाखान्यात ओळखला जातो का, हे कुणी विचारले नाही.

संत तुकाराम नगरचेच घ्या. इथे महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे, डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज आहे. दोन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. तरीही नेहरूनगर, विठ्ठलनगरचा कंत्राटी कामगार तिथे जात नाही. केसपेपरच्या रांगेत सकाळ गेली की हजेरी बुडाली. तो रात्री, शिफ्ट सुटल्यावर, गल्लीतल्या दवाखान्यात जातो. डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. "अंग मोडून आलंय, झोप नाही, जेवण जात नाही," एवढेच तो सांगतो. बाई असेल तर "छातीत धडधडतं, मुंग्या येतात" म्हणते. मग सलाईन, ताकदीचे इंजेक्शन, झोपेची गोळी. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

आम्ही या डॉक्टरांना दोष देत नाही. रात्री दहाला बाहेर वीस माणसे बसलेली असताना कुणाच्या मनात किती शिरायचे? आणि शिकवले तरी कुणी? एमबीबीएसलाही वर्षानुवर्षे मनोविकारासाठी जेमतेम दोन आठवडे मिळत आले. पुढे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात, पण त्यात नैराश्य हा विषय असलाच पाहिजे असे बंधन नाही.

किंमत कोण मोजते, ते आकडे सांगतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या शंभरपैकी सुमारे ८५ रुग्णांना उपचार मिळत नव्हते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. त्या वर्षी देशभर आत्महत्या केलेल्या दर चार जणांत एक रोजंदारीवरचा होता.

मग डॉक्टरांचे एक शिबिर घेतले की झाले? स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये सगळ्या फॅमिली डॉक्टरांना नैराश्य ओळखायला शिकवले. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या कमी झाल्या, नैराश्याची योग्य औषधे वाढली, आत्महत्या घटल्या. पण तीनेक वर्षांत शिकलेले बरेच डॉक्टर बेट सोडून गेले आणि आकडे पुन्हा वर चढले. शिवाय जी घट झाली ती मुख्यतः बायकांमध्ये होती. पुरुष डॉक्टरकडे फिरकतच नव्हते. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

गोव्यात वेगळा मार्ग धरला गेला. 'मानस' प्रयोगात डॉक्टरच्या जोडीला स्थानिक, डॉक्टर नसलेली, पण प्रशिक्षण दिलेली समुपदेशक माणसे बसवली. रुग्णाशी बोलायचे, आजार समजावायचा, औषध मध्येच सोडू द्यायचे नाही, हे त्यांचे काम. २०१० मध्ये निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६६ टक्के रुग्ण बरे झाले, जिथे ही सोय नव्हती तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे सुरुवात महापालिकेच्या दवाखान्यांपासून करायला हवी.

कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "आपलं दुःख सामाजिक आहे, त्याला गोळी कशाला?" ठेकेदार, जात, कर्ज ही कारणे खरीच आहेत, त्यांच्याशी लढायचेच आहे. पण जो अंथरुणातून उठू शकत नाही तो मोर्चालाही येत नाही. विहारात कुणी "विपश्यना कर, बरं वाटेल" म्हणते. ध्यानाला आमचा विरोध नाही. पण दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात, ते उगाच नाही.

शिकलेला डॉक्टर काय वेगळे करतो? गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, कशात रस उरला नाही का, हे दोन प्रश्न विचारतो. उत्तर 'हो' आले की पुढचे विचारतो, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. औषध दिले तर सांगतो की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही सहा महिने तरी चालू ठेवायचे. हे न सांगितल्यामुळेच पाचव्या दिवशी पाकीट कोपऱ्यात पडते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ३१ नुसार सरकारी आरोग्य संस्थांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे प्रशिक्षण देणे शासनावर बंधनकारक आहे. तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: किती वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले, शेवटचे कधी, पुन्हा कधी, आणि वस्तीतल्या बीएएमएस-बीएचएमएस डॉक्टरांना त्यात बोलावले का. तोवर विहाराच्या फलकावर टेलिमानसचा मोफत क्रमांक लिहून ठेवा: १४४१६.