नकाशावरची रेघ आणि बेटावरचे उंदीर

हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहाभोवतीचा समुद्र ब्रिटनने 1 एप्रिल 2010 रोजी सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला. क्षेत्र सुमारे 6 लाख 40 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. मासेमारीला पूर्ण बंदी; फक्त दिएगो गार्सिया या लष्करी तळाच्या बेटालगतचा पट्टा वगळलेला. एवढ्या पाण्यावर गस्तीला वर्षानुवर्षे बोट एकच. आपल्या परिषदांत मात्र टाळ्या पडतात त्या चौरस किलोमीटरना.

तिथे पकडल्या जाणाऱ्या नौका बहुतांशी श्रीलंकेच्या, अलीकडे तमिळनाडू-केरळच्याही. मुशीच्या मागे इतक्या दूर जाणारे हे खलाशी मोठे गुन्हेगार नव्हेत. जवळचे पाणी आटले म्हणून ते दूर गेले. मोठ्या कंपन्यांना तर आत शिरावेही लागत नाही. मासे जमवणारे तरंगते तराफे हद्दीबाहेर सोडायचे, प्रवाहाबरोबर ते आतून फिरून येतात आणि पलीकडे निघाले की कुप्यासकट ताब्यात घ्यायचे. काही तराफे वाटेतच प्रवाळावर अडकतात. कायदा कुठेच मोडला जात नाही.

पण या अंकात आम्हाला बोलायचे आहे ते उंदरांबद्दल. नारळाच्या बागायतीच्या काळात जहाजांतून उतरलेले काळे उंदीर चागोसच्या अनेक बेटांवर आजही आहेत. काही बेटांवर ते कधी पोहोचलेच नाहीत. संशोधक निक ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी अशी 6 आणि तशी 6 बेटे शेजारी ठेवून तुलना केली. ती 2018 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्री पक्ष्यांची घनता 760 पट, जमिनीत पडणारा नायट्रोजन 251 पट आणि लगतच्या प्रवाळभित्तीवर माशांचे एकूण वजन 48 टक्क्यांनी अधिक. सुरय आणि बूबी दूरच्या खोल समुद्रात चरतात, विष्ठा टाकतात बेटावर, पावसाने ती भित्तीवर उतरते, शेवाळ पोसते, मासे झपाट्याने वाढतात. अंडी-पिल्ले उंदरांनी फस्त केली की हा सगळा ओघ थांबतो. पाण्यात एकही जाळे न टाकता मासे कमी होतात! पाण्याची राखण करणाऱ्यांनी जमिनीकडे पाठ फिरवली तर काय होते, याहून स्पष्ट पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

उंदीर मारून सगळे साधेल असेही नाही. 2015-16च्या उष्ण लाटेत विरंजनाने प्रवाळ मेले ते दोन्ही प्रकारच्या बेटांभोवती.

चागोस आपल्याला परकेही नाही. ज्या रियुनियन हॉटस्पॉटने दख्खनचा काळा पाषाण ओतला, त्याच्याच पुढच्या उद्रेकांतून लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग उभी राहिली. विरंजनाचे तडाखेही लक्षद्वीपने तसेच सोसले: 1998, 2010, 2016, 2024. तिथल्या नारळांवरचा उंदरांचा उपद्रव कृषी खात्याला पाठ आहे. भित्तीवरच्या माशांशी त्याचा हिशोब मात्र क्वचितच जोडला जातो.

आता माणसांचे. 1968 ते 1973 या काळात चागोसवासीयांना तळासाठी त्यांच्या बेटांवरून हुसकावण्यात आले, आणि पुढे तिथल्या रिकामेपणालाच ‘अस्पर्श निसर्ग’ म्हटले गेले. संरक्षित क्षेत्रामुळे त्यांचा परतण्याचा दावा निकालात निघेल, हा ब्रिटनचा हिशोब विकिलीक्सने उघड केलेल्या अमेरिकी दूतावासाच्या तारेत नोंदलेला आहे. मार्च 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ही घोषणा समुद्री कायद्याशी विसंगत ठरवली. आपल्या विज्ञानाचा असा वापर झाला, याची खंत आपल्या क्षेत्रात फारशी कुणी बोलून दाखवलेली नाही.

22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोसच्या सार्वभौमत्वाच्या करारावर सह्या केल्या. दिएगो गार्सिया वगळता इतर बेटांवर पुनर्वसनाची मुभा त्यात आहे. राजकारण जायचे त्या वाटेने जाईल. पण माणसे परतणार असतील तर प्रत्येक बोटीचा माल उतरण्याआधी उंदरांसाठी तपासला जाईल का, गळाने कुपा धरण्याची लक्षद्वीपची पद्धत तिथे परवडेल का, हे प्रश्न आपल्याच अभ्यासाचे आहेत.

लक्षद्वीप किंवा अंदमानात प्रवाळ-गणना करताना त्याच बेटावरची घरटी आणि उंदीर ज्यांनी मोजले असतील, त्यांनी आकडे आमच्याकडे पाठवावेत. अपुरे असले तरी छापू.